सोफेवाल्याची उडालेली झोप

सोफेवाल्याची झोप उडाली ही बातमी एका खुर्चीने फोडली. खुर्ची दातांच्या डॉक्टरांकडची होती, नुकतीच नव्या गादीने सजून गेलेली. पहिलाच पेशंट टेकला आणि त्याच्याखाली काहीतरी काडकन मोडलं. आपलंच हाड मोडलं असं समजून त्याने दाढदुखी विसरून बोंब ठोकली. डॉक्टरांनी शिवण उसवली, तर आत चष्मा. सोफेवाल्याचा. कुशन भरताना त्याने तो काढून ठेवला होता, आणि नंतर कुठे ठेवला ते न आठवल्यामुळे चष्म्यावाचूनच वरून सुबक टाके घातले होते.

आता खरं तर हा माणूस हाताचा असा कसबी होता की गल्लीतल्या निम्म्या घरांतले सोफे त्याने बांधलेले. लोक पेपर हातात घेऊन त्यांवर बसायचे आणि पाचव्या मिनिटाला पेपर तोंडावर घेऊन घोरायचे. आणि ज्याने अख्ख्या गल्लीला आडवं केलं, तो स्वतः मात्र कित्येक रात्री पलंगावर पडून छताशी नजरानजर करत होता. डोळ्याला डोळा लागत नव्हता. सकाळी उठायचा, म्हणजे झोपलेलाच नसल्यामुळे नुसता उभा राहायचा, आणि तसाच दुकानात जायचा.

चष्म्यापर्यंत ठीक होतं. पुढच्याच आठवड्यात त्याने एका आरामखुर्चीला स्वतःची बाही ठोकून घेतली आणि खुर्ची ओढत ओढत गिऱ्हाइकाला निरोप द्यायला दारापर्यंत गेला. गिऱ्हाईक हसलं, पण सोफेवाल्याला हसू आलं नाही. त्याच्या धंद्यात वीतभर लांब वाकडी सुई असते, पिना ठोकायचं यंत्र असतं, जाड कापड एका दमात कापणारी कातर असते. आज बाही गेली, उद्या बोट जाईल. बोट गेलं की दुकान गेलं, आणि दुकान सोडून त्याला जगात दुसरं काही म्हणजे काही येत नव्हतं. तो मनातून पुरता घाबरला होता.

गोळीचं नाव काढायची सोय नव्हती. त्याच्या मामांनी एकदा झोपेची गोळी घेतली होती, आणि ते स्वतःच्याच निवृत्तीच्या समारंभात असे ढाराढूर झोपले की भाषणं संपली, पाहुणे गेले, शिपायाने खुर्च्या गोळा केल्या आणि मामांनाही खुर्चीसकट गोदामात नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी मामा ऑफिसात सगळ्यांच्या आधी हजर होते, पण तोवर ते निवृत्त झाले होते. तेव्हापासून घराण्यात गोळीच्या नावाने कानाला खडा. घरच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही त्याच्या धंद्यातली हत्यारं लक्षात घेऊन गोळी द्यायचं टाळलं आणि म्हणाले, "आधी सवयी तपासा. काय बदललंय तुमच्या घरात?"

"काही नाही हो. सगळं जिथल्या तिथे आहे," सोफेवाला म्हणाला.

डॉक्टरांकडचं हे बोलणं घरी आलं आणि मेहुण्याने झडप घातली. हा मेहुणा म्हणजे सोफेवाल्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. चार दिवसांसाठी म्हणून आला होता. आता त्या घरात सगळ्यांत जुना दात घासायचा ब्रश त्याचा होता. मागची खोली त्याने अशी काही व्यापली होती की सोफेवाल्याला स्वतःचीच शिडी काढायची झाली तरी आधी दार वाजवावं लागे. याला राहा म्हणून नेमकं कोणी सांगितलं, हे कोडं सोफेवाल्याला आजवर सुटलं नव्हतं. बायकोला विचारलं की ती म्हणायची, "तुम्हीच तर हो म्हणालात!" त्याला काही केल्या आठवायचं नाही. घराला हळदीसारखा पिवळा रंग लागला तेव्हाही हेच. त्यानेच म्हणे पसंत केला होता.

तर या मेहुण्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीतलं थोडं थोडं कळायचं, आणि ते थोडंसुद्धा चुकीचं असायचं. "भावोजी, झोप हे शास्त्र आहे," तो म्हणाला. "तुम्ही माझ्यावर सोपवा."

सोपवलं. माणूस बुडायला लागला की काठी कोणी टाकली हे बघत नाही. दुपारनंतरचा चहा बंद झाला. पाय कोमट पाण्यात बुडवून बसायचं झालं, त्यात बादली एकदा पलंगाखाली सांडली आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप गेली. खिडक्यांना काळं रेक्झिन ठोकलं. टिकटिक करतं म्हणून भिंतीवरचं घड्याळ काढून मागच्या खोलीत नेलं, जिथे ते मेहुण्याच्या उशाशी टिकटिक करू लागलं आणि मेहुण्याला त्याने गाढ झोप लागू लागली. आणि सगळ्यांत वरचा नियम असा, की झोपायच्या खोलीत एकही शब्द बोलायचा नाही.

हा नियम खास ताईसाठी, म्हणजे सोफेवाल्याच्या बायकोसाठी होता. ही बाई एकदा बोलायला लागली की थांबायची कुठे हे तिलाच ठाऊक नसे. दुकानात मागच्या बाजूला पडद्याआड तिचं शिलाई मशीन होतं. सगळ्या खोळी तीच शिवायची, आणि शिवताना नात्यातल्या, शेजारच्या, ओळखीच्या आणि अजिबात ओळखीच्या नसलेल्या लोकांच्या हकिकती सांगत राहायची. मधे एक दाढ काढल्यामुळे डॉक्टरांनी तिला पंधरा दिवस तोंड उघडायची बंदी केली होती, तेवढाच काय तो खंड. "काय शांतता आहे घरात!" असं सोफेवाला तेव्हा चारचौघांत म्हणाला होता. तिला ते लागलं होतं, पण तोंडात कापूस असल्यामुळे उत्तर देता आलं नव्हतं. आता दाढेची जखम भरली, तोच भावाने रात्रीचं बोलणं बंद केलं.

"अरे, पण दिवसभराचं सांगायचं कधी मी?" ती म्हणाली.

"ताई, भावोजींच्या तब्येतीपेक्षा तुझ्या गोष्टी मोठ्या आहेत का?"

त्या रात्रीपासून ती ओठ मिटून निजू लागली. मेहुण्याने मग शेवटचा उपाय काढला. "भावोजी, डोळे मिटा. तुम्ही एका ढगावर पडलाय. मऊ मऊ ढग. पडलात?"

"पडलो."

"कसं वाटतंय?"

"आत स्प्रिंगा नाहीत रे याला," सोफेवाला म्हणाला. "नुसता कापूस भरलाय. खाली पट्टे कुठे बांधलेत? आणि पाठीला आधार कोण देणार? सहा महिन्यांत बसून जाईल हे काम. कोणी केलंय?"

त्या रात्री तो ढगाला खालून लाकडी चौकट कशी बसवता येईल याचा विचार करत पहाटेपर्यंत जागला.

अशात मुख्याध्यापिका बाईंचा सोफा दुकानात आला. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा बाईंमधून निवृत्त झाली नव्हती. रस्त्याने त्या चालल्या की पोटं सुटलेली, टकलं पडलेली माणसं अजून हातातली सिगारेट पाठीमागे लपवत. सोफा वांग्याच्या रंगाचा, अजस्र आणि मधोमध असा खचलेला की त्यात बसलेला माणूस दुसऱ्याने हात दिल्याशिवाय वर येत नसे. "आठवड्यात हवाय," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे पाहुणे येतात आणि जात नाहीत."

सोफेवाल्याचा कामाचा एक दंडक होता, तो त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने घालून दिलेला. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसायचं नाही. एकदाच बसायचं, काम हाती घेताना, आणि तेही डोळे मिटून. कोणती स्प्रिंग कुरकुरते, कोणता पट्टा सुटलाय, ते कानांनी ऐकायचं, मग उठायचं आणि कामाला लागायचं. एरवी दुकानात तो दिवसभर उभा नाहीतर उकिडवा. हातोडीच्या ठोक्यांत त्याला पडद्यामागचं काही ऐकू जायचं नाही.

बाई गेल्यावर तो बसला, डोळे मिटले आणि कान लावला. उजवीकडची एक स्प्रिंग करकरली. पडद्याआड मशीन घरघरत होतं आणि बायको सांगत होती, "...तर आमच्या मावसबहिणीने नवा फ्रिज घेतला, घेतला तो घेतला, पण दाराची रुंदी कोणी मोजायची? तिचा नवरा म्हणतो मी मोजली, ती म्हणते..."

सोफेवाला जागा झाला तेव्हा उन्हं पलीकडच्या भिंतीवर गेली होती. हनुवटीवर लाळ होती. अंग कापसासारखं हलकं झालं होतं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्याला जगाच्या कडा नीट दिसत होत्या. त्याने सोफ्याच्या हातावर असा हात फिरवला, जसा लग्नात बायकोचा हात धरतानाही फिरवला नव्हता.

"सापडला!" तो म्हणाला.

"काय सापडलं?" पडद्याआडून बायको.

"दोष. सोफ्यातला दोष सापडला."

माणूस सोफेवाला, त्याला गुण दिसायचा तो सोफ्यातच. त्या खचलेल्या खड्ड्यात काहीतरी जादू आहे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. म्हाताऱ्या कारागिराचा दंडक त्याच दिवशी मोडला. रोज दुपारी 'जरा बैठक बघतो' म्हणून तो खड्ड्यात उतरायचा आणि पडद्यामागची हकिकत निम्म्यावर येईतो गुडूप व्हायचा. बायको बिचारी खूश होती. इतकी वर्षं हातोडीशी बोलावं तसं नवऱ्याशी बोलत होती, आता हातोडी बंद पडून मधूनमधून "हुं" ऐकू येत होतं.

आठवडा संपला आणि बाईंचा फोन आला. सोफेवाल्याने सांगितलं, लाकूड विश्रांती घेतंय. पुढच्या फोनला सांगितलं, स्प्रिंगा परदेशातून निघाल्यात, पण समुद्र खवळलाय. त्याच्या पुढच्या फोनला काही सुचेना, तेव्हा तो म्हणाला, "बाई, सोफ्याला हवा मानवली नाही." त्यांनी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

त्या दुकानात शिरल्या तेव्हा त्यांचा सोफा होता तसाच, वांग्याच्या रंगाचा, मधोमध खचलेला, आणि खड्ड्यात सोफेवाला तोंड उघडं टाकून घोरत होता. पडद्याआड मशीन आणि हकिकत दोन्ही जोरात होती. बाईंनी दोन्हीकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि सोफ्याच्या हातावर सपकन मारली.

"उपस्थित बाई!" म्हणत सोफेवाला उठायला गेला, पण खड्ड्यातून वर येता आलं नाही. बाईंनीच हात दिला. "उद्या," त्या म्हणाल्या. "उद्या सोफा घरी. नाहीतर परवापासून मी इथे येऊन बसेन, दिवसभर."

ही धमकी कोणालाही पुरली असती. पण सोफेवाल्यापुढे पेच पडला. सोफा दुरुस्त करायचा म्हणजे खड्डा बुजवायचा, आणि खड्डा बुजवला की झोप गेली. शेवटी त्याने ठरवलं की आजची रात्र तरी सोफा घरी न्यायचा, पोटभर झोपायचं, खड्ड्याची खोली-रुंदी नीट मोजून घ्यायची आणि स्वतःसाठी हुबेहूब तसाच दुसरा बांधायचा. आयुष्यभर लोकांचे खड्डे बुजवले, आता एक मुद्दाम पाडायचा.

सोफा घरी नेताना मेहुण्याने दिशा दाखवल्या. त्यामुळे तो दारात अडकला आणि दार चौकटीसकट काढावं लागलं. रात्री सोफेवाला खड्ड्यात उतरला. काळं रेक्झिन, गार हवा, घड्याळ नाही, शब्द नाही. पलंगावर बायको ओठ घट्ट मिटून पडली होती. तो वाट बघत राहिला. उजवीकडची स्प्रिंग करकरली, डावीकडची करकरली, आणि मग उजाडलं.

"जागा बदलली म्हणून सोफा बिथरलाय," मेहुणा म्हणाला. या वेळी सोफेवाल्याला त्याच्याकडे बघवलंसुद्धा नाही. त्याला रडू येत होतं. त्याने तो सोफा परत दुकानात नेला, दिवसभर खपून पट्टे ताणले, स्प्रिंगा आवळल्या, काथ्या भरला. काम नेहमीसारखंच चोख झालं. खड्डा गेला, आणि त्याच्याबरोबर त्याची उरलीसुरली आशाही गेली.

संध्याकाळी टेम्पोतून सोफा बाईंकडे पोचला. खोळी चढवायला बायको बरोबर होती. बाईंच्या बैठकीत बसायला होती ती फक्त एक लाकडी खुर्ची, सरळ पाठीची, शाळेतून आणलेली. तिच्यावर पाच मिनिटं बसलं तर कबूल करण्यासारखं काही नसलं तरी माणूस कबूल करेल. सोफेवाला तिच्यावर टेकला. बायकोने खोळीत हात घातला आणि सहज सुरू केलं, "या खोळीचं कापड बघून मला आमच्या नणंदेची चुलत जाऊ आठवते हो बाई. तिने असंच पडद्याला घेतलं होतं, तर दुकानदार म्हणतो हे पडद्याचं नाही, ती म्हणते..."

घर्र.

दोघींनी मागे वळून पाहिलं. सोफेवाला त्या शिक्षेच्या खुर्चीवर ताठ बसल्या जागी झोपला होता.

"थांबा," बाई हळूच म्हणाल्या. बायको थांबली. सोफेवाल्याचे डोळे उघडले. "बोला," बाई म्हणाल्या. "...ती म्हणते, मग टांगलेलं कशाला होतं?" बायको बोलली. डोळे मिटले. असं दोन-तीनदा झालं. दिव्याचं बटण खाली-वर करावं तसं.

"चाळीस मुलांच्या वर्गावर आयुष्य गेलं माझं," बाई म्हणाल्या. "मागचा बाक कशाने झोपतो ते मला विचारा. सोफ्यात काही नाही. तुमच्या आवाजात आहे."

सोफेवाला खडबडून जागा झाला. महिन्याचा हिशोब त्याच्या डोक्यात एकदम लागला. दाढ, कापूस, 'काय शांतता', मेहुण्याचा नियम, पडदा. तो आनंदाने उठून उभा राहिला आणि गाढवासारखं बोलून बसला. "अगं, तुझं बोलणं! तुझं बोलणं ऐकलं की मला झोप येते!"

हे वाक्य कुठल्याही बायकोला कुठल्याही सुरात सांगून बघावं. तिने हातातली खोळ खाली ठेवली. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही ऐकत नव्हता," ती म्हणाली. "झोपत होता." आणि तिने जे ओठ मिटले, ते घरी पोचेपर्यंत उघडले नाहीत. या वेळी दाढही नव्हती आणि नियमही नव्हता. ही तिची स्वतःची शांतता होती, आणि आधीच्या दोन्हींपेक्षा ती भारी होती.

घरी आल्यावर मेहुणा काहीतरी शास्त्र सांगायला पुढे आला. ताईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो मागच्या खोलीत घड्याळापाशी जाऊन बसला. सोफेवाल्याने खिडक्यांचं रेक्झिन उपटलं. मग पलंगाच्या कडेला बसून पायाच्या बोटांकडे बघत म्हणाला, "चुकलं माझं."

ती उशी ठोकून सारखी करत राहिली.

"पण एक खरं सांगू? तुझ्या सगळ्या गोष्टींच्या सुरुवाती मला पाठ आहेत. मावसबहिणीचा फ्रिज. वरच्या मजल्यावरच्यांची हरवलेली सासू. तू लहानपणी पाण्याच्या टाकीत चप्पल टाकली होतीस ते. शेवट मात्र एकाचाही माहीत नाही. तू घरात बोलत असलीस की मला वाटतं, सगळं जागच्या जागी आहे, आता मी नाही बघितलं तरी चालेल. म्हणून डोळे मिटतात. कंटाळून नाही गं."

मग तिने डोळे पुसले, आणि तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी आलं. "मलाही एक सांगायचंय," ती म्हणाली. "तुम्ही झोपता हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्या वेळा नाही, पण कधी कधी कळायचं. मी विचारायचे, आणि तुम्ही झोपेतच 'हुं' म्हणायचात."

"काय विचारायचीस?"

"घराला पिवळा रंग देऊ का?"

सोफेवाल्याने मान वर करून पिवळ्या भिंतीकडे पाहिलं.

"आणि भावाला मागची खोली देऊ का?"

मग तो जो हसत सुटला तो थांबेना, आणि ती आधी रागावली आणि मग तीही हसली. मागच्या खोलीतून मेहुणा ओरडला, "झोपायच्या खोलीत आवाज नको, भावोजी!"

दिवा मालवला. "फ्रिजचं शेवटी काय झालं?" सोफेवाल्याने विचारलं. आज शेवट ऐकायचाच असं त्याने ठरवलं होतं आणि त्यासाठी तो चादरीखाली स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होता. ती सांगू लागली. फ्रिज दारात अडकला, नवरा आतल्या बाजूला, मावसबहीण बाहेरच्या, दोघांची जेवणं फ्रिजवरून एकमेकांकडे जाऊ लागली. त्याच्या पापण्या जड झाल्या. तिने जरा थांबून त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज अगदी हळू केला.

"अहो, भाऊ म्हणतो, त्याचं उरलेलं सामानही इकडे आणावं. एक कपाट आहे, आणि तबला. आणू दे का?"

सोफेवाल्याने हे ऐकलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तो तिच्या प्रश्नाला जागा होता. त्याच्या डोळ्यांपुढे आपली शिडी आली, ते कपाट आलं, पिवळ्या भिंतींवर आदळणारा तबला आला. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण ती उत्तराची वाट बघत गप्प राहिली होती, आणि ती गप्प राहिलेली त्याला सोसवेना.

"हुं," तो म्हणाला, अगदी झोपेतल्यासारखं.

"बरं. तर मग नवरा म्हणतो," ती पुढे सांगू लागली, "आपण फ्रिज राहू दे आणि भिंतच पाडू..."

भिंत पडली की नाही, ते सोफेवाल्याला आजही माहीत नाही.